वॉचमन झोपला की प्रोग्रॅम झोपतो

पायथन शिकणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी कुत्रा लिहितो. त्याचाही इलाज नसतो, कारण पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्ये क्लासच्या धड्यातच कुत्रा आहे. फिडो आणि बडी अशी त्यातल्या दोघांची नावं. पुस्तकांत, व्हिडिओंत, शिकवण्यांत मग त्याचीच पिल्लावळ. आधी एक 'प्राणी' नावाचा क्लास, त्याच्या पोटी कुत्रा आणि मांजर. कुत्र्याला 'आवाज काढ' म्हटलं की पडद्यावर भो भो उमटतं, मांजराला तेच म्हटलं की म्याँव. शिकणाऱ्याला वाटतं, आलं! पुढे नोकरीत कुणीही त्याला भुंकण्याचं काम देणार नसतं, पण त्याच्या त्या आनंदात हे सांगायला जायचं कुणी?

कुत्र्यानंतरची पायरी म्हणजे 'प्रोजेक्ट'. त्यासाठी आमच्या पुण्यातली मुलं फार लांब जात नाहीत. लायब्ररी, बँक, हॉस्पिटल हे जुने विषय आहेतच, पण हल्ली चलती आहे हाउसिंग सोसायटीची. वडील कमिटीवर असतात, मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये असतो आणि एक्सेलचा पासवर्ड मागच्या खजिनदारांकडे असतो. मुलगा म्हणतो, 'बाबा, मी पायथनमध्ये करून देतो.' बाबा पुढच्या मीटिंगमध्ये 'आमचा मुलगा सॉफ्टवेअर बनवतोय' असं जाहीर करून मोकळे होतात. आणि मग तो कोड 'मॅडम, जरा बघता का?' म्हणत माझ्याकडे येतो. कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांचा कोड तपासणं हे माझं काम आहे. ओळखीपाळखीतल्या मुलांचा तपासणं ही खोड.

खाली सांगते आहे ती सोसायटी कुणा एकाची नव्हे. बऱ्याच जणांच्या कोडमधून विटा गोळा करून मी ती बांधली आहे. नावं मात्र मुद्दाम मराठीत ठेवली आहेत, आणि ती केवळ शोभेची नाहीत. २००८ साली पायथन ३ आला तेव्हापासून क्लासचं आणि व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. 'सभासद' असं नाव दिलं तर पायथन मुकाट्याने घेतो. 'क्लास', 'डेफ', 'रिटर्न' हे शब्द तेवढे रोमनमध्ये लिहावे लागतात. तेवढ्या खात्यांवर अजून परकं सरकार आहे.

फाइल उघडली की आधी क्लासची यादी दिसते. सोसायटी, इमारत, मजला, जिना, लिफ्ट, फ्लॅट, दरवाजा, खिडकी, पाण्याची टाकी, सभासद, भाडेकरू, सचिव, वॉचमन आणि वॉचमनची खुर्ची. प्रोग्रॅमचं काम काय? दर महिन्याला मेंटेनन्सचं बिल काढणं. 'दरवाजा' क्लासला दोन मेथड आहेत, 'उघड' आणि 'बंद कर'. मी विचारते, 'बाळा, बिलात दरवाजा कुठे येतो?' तो म्हणतो, 'मॅडम, प्रत्येक फ्लॅटला असतोच ना.' असतो. पण आमच्याकडे बिल दाराखालच्या फटीतून सरकवतात. दार उघडायची पाळीच येत नाही.

वॉचमनला तीन मेथड: 'गेट उघड', 'सलाम कर' आणि 'झोप'. तिसरी वाचून मी मुलाच्या निरीक्षणाला दाद दिली. पण त्याने ती नुसती लिहिली नव्हती, चालवलीही होती. पायथनच्या टाइम मोड्यूलमध्ये स्लीप नावाचं फंक्शन असतं. जितके सेकंद सांगाल तितके सेकंद ते सगळं काम थांबवतं. वॉचमन आठ तास झोपतो म्हणून मुलाने त्यात २८,८०० टाकले होते. त्यामुळे बिलं काढताना वाटेत वॉचमन आला की अख्खी सोसायटी रात्रभर ठप्प. मुलाची तक्रार अशी होती की प्रोग्रॅम 'हँग' होतो आणि लॅपटॉप जुना आहे.

हे सगळं लिहिण्यामागे वेडेपणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. क्लास या कल्पनेचा जन्मच जगाची नक्कल करण्यासाठी झाला. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी साठच्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. खऱ्या जगात रांगा कशा लागतात, वाहतूक कुठे तुंबते, हे कॉम्प्युटरवर मांडून बघायचं होतं. १९६७च्या सिम्युलात क्लास आले आणि त्यांच्या पोटचे उपक्लासही आले. या कामासाठी दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी दोघेही गेले. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये पायथन लिहायला घेतला आणि १९९१च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती बाहेर आली, तेव्हा तिच्यात क्लास होतेच. म्हणजे दरवाजा लिहिणाऱ्या मुलाच्या पाठीशी सगळा नॉर्वे उभा आहे. फरक इतकाच की त्या दोघांना नक्कल करायची होती आणि आपल्याला बिल काढायचं आहे. सोसायटीची नक्कल करायची गरज नाही. आहे तेवढी सोसायटी पुरे आहे.

आता इनहेरिटन्स. हे शिकलं की नवशिका सगळ्यांना सगळ्यांच्या पोटी घालत सुटतो. आपण नातलगांत वाढलेली माणसं. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कळलं की तो रक्ताचाच असणार, अशी आपली मनोमन समजूत असते. तर इमारत सोसायटीच्या पोटी, मजला इमारतीच्या पोटी, फ्लॅट मजल्याच्या पोटी. 'मॅडम, फ्लॅट मजल्यावरच असतो ना?' असतो. पण मग जे जे सोसायटीचं ते ते वारशाने फ्लॅटचं होतं. नोंदणी क्रमांक आला, बँकेतली मुदत ठेव आली, गच्ची आली. ए-२०३ला विचारलं, 'तुझी गच्ची किती?' तर तो सांगतो, सगळी. असा फ्लॅट फक्त बिल्डरच्या जाहिरातीत असतो. शिवाय सोसायटी क्लासला 'वार्षिक सभा घे' अशी मेथड होती, तीही प्रत्येक फ्लॅटला मिळाली. रात्री दहानंतर वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो तो बहुधा यामुळेच.

भाडेकरूला मुलाने सभासदाच्या पोटी घातलं होतं. कारण प्रामाणिक होतं: भाडेकरूलाही नाव असतं, फोन असतो, फ्लॅट असतो, तोच कोड परत का लिहायचा? पण त्यामुळे भाडेकरूला सभेत मत मिळालं. ही चूक मुलाच्या वडिलांनी पकडली. कमिटीवरच्या माणसाला पायथन येत नसला तरी मत कुणाला आहे हे बरोबर कळतं. मुलाने दुरुस्ती काय करावी? भाडेकरूच्या क्लासमध्ये 'मत दे' ही मेथड पुन्हा लिहिली आणि आत एक्सेप्शन टाकलं: 'तुम्हाला मताचा अधिकार नाही.' म्हणजे आधी वारसा द्यायचा आणि मग त्यावर दावा लावायचा. मतमोजणीचा लूप एकेका सभासदाला विचारत निघाला, सी-१०४च्या भाडेकरूपाशी आला आणि जागच्या जागी कोसळला. खऱ्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, ही एका भाडेकरूमुळे झाली. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या एका भाषणात या दुखण्यावर बोट ठेवलं होतं: जिथे आईबाप चालतात तिथे पोरही तितक्याच बिनबोभाट चाललं पाहिजे, चालत नसेल तर ते पोर त्या घरचं नव्हे. लिस्कोव्हबाईंनाही पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सी-१०४च्या भाडेकरूला मात्र अजून पार्किंगही मिळालेलं नाही.

सर्वांत मौजेचा क्लास सचिवांचा. तोही सभासदाच्या पोटी. वरवर पाहिलं तर ठीकच आहे, कारण सचिव हा सभासद असतोच. पण कमिटीची मुदत पाच वर्षांची. ती संपली की काय करायचं? ऑब्जेक्ट तर सचिव म्हणूनच जन्माला आलेलं. पद जन्माने मिळत नाही असं आपण घटनेत मान्य केलं, ते पायथनपर्यंत पोचायचं राहिलं. मुलाने शोधलेला उपाय असा: जुनं सचिव ऑब्जेक्ट पुसून टाकायचं आणि त्याच नावाने नवं सभासद ऑब्जेक्ट तयार करायचं. नव्या सभासदाची थकबाकी अर्थातच शून्यापासून सुरू होते. आजी-माजी सगळे सचिव या प्रोग्रॅमवर अतिशय खूश होते.

दुसऱ्या एकाने यापुढे मजल मारली. त्याने इंटरनेटवरून शोधून काढलं की पायथनमध्ये चालू असलेल्या ऑब्जेक्टचा क्लासच बदलता येतो, एका ओळीत. खरं आहे, येतो. पायथन बरंच काही करू देतो. करू देतो म्हणून करायचं नसतं, हे सांगायला माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवलेली असतात.

यावर सरळ उपाय आहे: 'पद' हे सभासदाचं एक कलम ठेवा. मुदत संपली, कलम बदला. चार लेखकांनी मिळून १९९४ साली डिझाइन पॅटर्न्सवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यातला आग्रह हाच होता, की वारसा लावण्याआधी एकाने दुसऱ्याला नुसतं जवळ बाळगून भागतं का ते बघा. तीस वर्षं होऊन गेली. कॉलेजात अजून कुत्राच शिकवतात.

सेल्फची रडकथा त्या मानाने छोटी, पण तिच्यातून सगळेच जातात. क्लासमधल्या मेथडच्या कंसात पहिलं नाव सेल्फ लिहायचं असतं. ते विसरलं आणि मेथड बोलावली, की पायथन सांगतो: या फंक्शनला एकही आर्ग्युमेंट लागत नाही, तुम्ही एक दिलंत. मुलगी कोड वर-खाली तपासते. कंस रिकामा आहे. 'मॅडम, मी काही दिलेलंच नाही!' दिलेलं असतं पायथनने. फ्लॅटला 'बिल काढ' म्हटलं की तो फ्लॅट स्वतःच गुपचूप आत सरकवला जातो, आणि आत त्याला घ्यायला कुणी उभं नसतं. एकदा हा चटका बसला की पुढचा आठवडाभर ती मुलगी क्लासच्या बाहेरच्या फंक्शनांनाही सेल्फ लावते, उगाच वाद नको म्हणून. हे सेल्फ काढून टाका अशी मागणी बऱ्याच जणांनी केली; गुइडोंनी ते राहणारच, असं कारणांसकट जाहीर लिहिलं आणि विषय संपवला.

वाहनांची यादी हा सोसायटीतला नाजूक मामला, कोडमध्येही. मुलाने सभासद क्लासच्या कपाळावरच लिहिलं होतं: वाहने बरोबर रिकामी यादी. दिसायला निरुपद्रवी. पण तिथे लिहिलेली यादी एकेका सभासदाची होत नाही, ती सगळ्या सभासदांची मिळून एकच होते. जोशींनी आपली स्कूटर नोंदवली की ती कुलकर्णी, शेख आणि डिसोझा यांच्याही नावावर चढते. फिडो आणि बडी ट्यूटोरियलमध्ये आहेत ते नेमके हाच घोटाळा दाखवायला. फिडोला लोळायला शिकवलं, बडीला मेल्याचं सोंग करायला. नंतर बघावं तर दोघांनाही दोन्ही येतं. सगळे हा धडा वाचतात, कुत्रे लक्षात ठेवतात आणि यादी विसरतात. यादी इनिट नावाच्या मेथडमध्ये, सेल्फला बांधून लिहायची, एवढंच असतं. एका मुलीने मात्र माझ्याशी वाद घातला. आमच्याकडे कुणाचीही गाडी कुणाच्याही जागेत लागते, त्यामुळे हे मॉडेल वास्तवाला धरून आहे, असं तिचं म्हणणं. मी तिला वकिली करायला सुचवलं.

मग जोशी आणि ए-२०३. मुलाने नीट विचार करून फ्लॅटला मालक दिला आणि मालकाला फ्लॅट दिला. दोघांना छापायची सोयही केली. फ्लॅट छापताना मालक छापायचा, मालक छापताना फ्लॅट छापायचा. आता हा संवाद ऐका. हे कोण? ए-२०३चे जोशी. ए-२०३ कुठला? जोशींचा. कोण जोशी? ए-२०३चे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात ही चौकशी जेवण वाढेपर्यंत चालते. पायथन हजाराच्या आसपास फेऱ्यांनंतर हात टेकतो. त्याची मुळातली मर्यादाच एक हजारची आहे. मर्यादा वाढवता येते, हेही मुलाने शोधून काढलं होतं. त्याने ती दहा हजार केली होती.

छपाईवरून आठवलं. 'बिल काढ' ही मेथड बिल छापायची आणि परत काहीच द्यायची नाही. पडद्यावर मोठ्या दिमाखात 'एकूण रु. ३,२५०' आणि हातात नन. मग साऱ्या फ्लॅटची बेरीज करायला गेलं की पायथन म्हणतो, शून्यात नन मिळवता येत नाही. रिटर्न लिही, एवढंच मी कॉमेंटमध्ये लिहिते. कमिटीतल्या एक-दोघांना उद्देशूनही तेच लिहावंसं वाटतं.

इंजिनिअरिंगला आधी जावा शिकलेली मुलं लगेच ओळखू येतात. त्यांच्या क्लासमध्ये नाव घ्यायची मेथड, नाव ठेवायची मेथड, फोन घ्यायची, फोन ठेवायची, असा पन्नास ओळींचा घे-ठेव व्यवहार असतो, आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी दोन अंडरस्कोर. कुणी बाहेरून हात लावू नये म्हणून. पायथनमध्ये एक अंडरस्कोर म्हणजे 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी असते, कुलूप नसतं. दोन लावले तर पायथन त्या नावापुढे क्लासचं नाव जोडून ते थोडं लांब करतो, बस. ज्याला आत यायचंच आहे तो लांबचं नाव घेऊन येतो. मी या मुलांना म्हणते, सरळ फ्लॅट डॉट क्रमांक लिहा. ती मनातून दुखावतात. दोन सेमिस्टर त्यांनी त्या मेथड पाठ केलेल्या असतात.

आता एक ओळ अशी, की जी तपासताना मी खुर्चीत सरसावून बसले. 'मजला शून्य असेल तर लिफ्टशुल्क शून्य.' सिंटॅक्स निर्दोष, चार स्पेसचा इंडेंट, नाव सुटसुटीत. मी विचारलं, 'तुम्ही तळमजल्यावर राहता का?' मुलगा दचकला. 'मॅडम, कोडवरून कळतं?' कळतं. आदर्श उपविधी सांगतात की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरा की न वापरा. तळमजल्यावरच्यांना हे कधीच मान्य नसतं. प्रत्येक सभेत कुणीतरी उठून बोलतंच. इथे सभेत जे पिढ्यान्पिढ्या मंजूर झालं नाही ते इफच्या एका ओळीत मंजूर करून घेतलं होतं. नवशिक्याचा कोड कच्चा असतो असं म्हणतात. मला तरी हा पक्का वाटला.

पण हे सगळे रोग वरवरचे आहेत. सेल्फ सुटलं तर पायथन स्वतः ओरडतो, यादी सामाईक झाली तर पार्किंगवाले ओरडतात. मला खरी चिंता वाटते ती यादीत नसलेल्या क्लासची. डोळ्यांना दिसतं त्या प्रत्येक गोष्टीचा क्लास झालेला असतो, खुर्चीचासुद्धा. न दिसणाऱ्या गोष्टींचा एकही नसतो. आणि मेंटेनन्सचं बिल हे संपूर्णपणे न दिसणाऱ्या गोष्टींवर उभं असतं.

साधं बघा. मुलाने लिहिलं होतं: फ्लॅटचा मालक, जोशी. नुसतं एक नाव, अवतरणचिन्हांत. आता जोशींनी १५ तारखेला फ्लॅट विकला. त्या महिन्याचं बिल कुणाच्या नावे? मागची थकबाकी कुणाची? फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर? जोशी वारले, नॉमिनी एक आणि वारस तीन, तर? मुलगा न्यू जर्सीत, फ्लॅट त्याच्या नावे, राहतात मावशी, तर? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जोशींकडे नाही आणि ए-२०३कडेही नाही. ते त्या दोघांच्या मधल्या मालकीकडे आहे: कोण, कुठला फ्लॅट, कधीपासून, कधीपर्यंत, किती हिस्सा. हा क्लास कुणीच लिहीत नाही.

भाड्याचं तेच. कोडमध्ये असतं 'भाड्याने: ट्रू'. वास्तवात असतो करार. बहुतेकदा अकरा महिन्यांचा, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणी सक्तीची. मालक स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. २००१च्या सरकारी आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. हे शुल्क ज्यावर अवलंबून आहे तो करार कोडमध्ये एका ट्रूवर उरकलेला, आणि लिफ्टला मात्र 'वर जा', 'खाली जा' आणि 'बंद पड' अशा तीन मेथड.

मी सांगते, मालकीचा क्लास कर. यावर हमखास येणारा प्रश्न: 'मॅडम, पण मालकी ही वस्तू असते का?' मी म्हणते, एकदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बस. तिथे फ्लॅट दिसत नाही आणि तुझ्याकडे तर कुणी बघतही नाही. तिथे फक्त मालकी दिसते, शिक्के मारलेली.

आणि हा क्लास एकदा आला की गंमत बघा. भाडेकरू सभासदाच्या पोटी राहत नाही. दोघंही 'व्यक्ती' असतात, एकाकडे मालकी असते आणि दुसऱ्याकडे करार. सचिवांचा क्लास जातो, त्या जागी 'निवड' येते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मतदार कोण, हे मालकीवरून ठरतं, त्यामुळे सभा कोसळत नाही. दरवाजा, खिडकी, जिना, टाकी, वॉचमन आणि खुर्ची यांना निरोप देता येतो. चौदा क्लासचे सहा होतात: व्यक्ती, फ्लॅट, मालकी, करार, निवड, बिल. इनहेरिटन्स एकही नाही. २०१८च्या ३.७ आवृत्तीपासून डेटाक्लास मिळतात, तेव्हा इनिट लिहायचा कंटाळाही टळतो. बिलाचा आकडा काढायला तर क्लासच लागत नाही, फंक्शन पुरतं. जॅक डायडरिक नावाच्या प्रोग्रॅमरने २०१२च्या पायकॉनमध्ये अर्ध्या तासाचं व्याख्यान यावरच दिलं होतं, की क्लासला दोनच मेथड असतील आणि त्यातली एक इनिट असेल, तर तुमच्याकडे क्लास नाही, फंक्शन आहे. मी हे व्याख्यान सगळ्यांना बघायला लावते. ते बघून आलेली मुलं पुढच्या वेळी एकही क्लास लिहीत नाहीत आणि चारशे ओळींचं एकच फंक्शन आणतात. मग पुन्हा पहिल्यापासून.

कोड तपासायची शिस्तशीर पद्धत १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी मांडली. बैठक घ्यायची, सूत्रधार नेमायचा, चुका शोधायच्या, आणि दुरुस्ती तिथेच करत बसायची नाही. आता बैठक जाऊन ओळीओळीवर कॉमेंट आल्या. अडचण अशी की मराठीत 'असं का केलंस?' हा निव्वळ प्रश्न म्हणून विचारायची सोय नाही. मी खरोखर कारण विचारते. समोरचा माफी मागतो आणि ओळ पुसून टाकतो. बरोबर असलेल्या किती ओळी अशा माझ्या कुतूहलापायी गेल्या असतील! म्हणून हल्ली मी लिहिते, 'हे छान आहे, कसं सुचलं?' त्यावरही दोघा-तिघांनी ओळ पुसली. मॅडमनी कौतुक केलं म्हणजे काहीतरी भयंकर असणार.

अलीकडे एक वेगळीच जात आली आहे. कोड झकपक, प्रत्येक क्लासवर इंग्रजीत चार ओळींची प्रस्तावना, 'मेंटेनन्स कॅल्क्युलेटर फॅक्टरी' वगैरे नावं. मी विचारते, 'ही फॅक्टरी कशाला?' मुलगा एआयला विचारतो आणि मला उत्तर आणून देतो. मग मी त्या उत्तराला उपप्रश्न विचारते. असे आम्ही दोघं, मधे तो मुलगा, आणि चर्चा फार उच्च पातळीवर चालते. फॅक्टरीत बनतं काय, ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा मला तो झोपणारा वॉचमन आवडतो. तो निदान कुणीतरी गेटपाशी उभं राहून पाहिलेला होता.

तुमच्यापैकी कुणी क्लास लिहून कुणाला तरी दाखवायला निघाला असाल, तर पाठवण्याआधी एवढं करा. सगळे जण एकच फ्लॅट आणि एकच सभासद बनवून कोड चालवून बघतात, आणि एकट्या सभासदाच्या सोसायटीत सगळंच बरोबर चालतं. तुम्ही दोन फ्लॅट बनवा. दोघांच्या गाड्या नोंदवा. एक फ्लॅट महिन्याच्या मध्यावर विकून बघा. मग जे काही कोसळेल ते दुरुस्त करा आणि उरलेलं माझ्याकडे पाठवा.